ताकदीच्या गोळ्या

आमच्या घरात गोळ्यांच्या दोन जाती. एक रोगाची, दुसरी ताकदीची. ही वाटणी कोण्या डॉक्टरने केलेली नाही, आमच्या यांनी केली, आणि सावनेरपासून सक्करदऱ्यापर्यंत जेवढं म्हणून आमचं गणगोत आहे त्या सगळ्यांना ती पटली. रोगाची गोळी म्हणजे शुगरची, बीपीची. ती गरम पडते, किडनी खराब करते, एकदा लागली की सुटत नाही, म्हणून जितकी चुकवता येईल तितकी चुकवायची. ताकदीची गोळी म्हणजे जीवनसत्त्वाची. ती गोळी नाहीच मुळी, ते खाणंच. पालकाची भाजी खाल्ली काय नि ती खाल्ली काय. ती कोणीही कोणालाही द्यावी, पाहुणे म्हणून जाताना बिस्किटाच्या पुड्याऐवजी घेऊन जावी. मी नोकरीभर प्राथमिक शाळेत मुलांना आहार शिकवला, फळ्यावर जीवनसत्त्वांचे तक्ते काढले. घरात मात्र माझं कोणी ऐकलं नाही. याचा मला राग येतो, अजूनही येतो, आणि तो झाकून ठेवायचं आता काही कारण उरलेलं नाही.

हे एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी कोणी आलं की यांच्या उजव्या पायाची गोष्ट निघायचीच. म्हणे हे ब्रेक असा लावायचे की कंडक्टरच्या हातातला चहा हलायचा नाही. खरं-खोटं तो कंडक्टरच जाणे. गोष्ट सांगताना हे खुर्चीत बसल्या बसल्या उजवं पाऊल फरशीवर हळूहळू दाबून दाखवायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. मी आतून म्हणायची, "झालं का तुमचं बसस्टँड? चहा थंडा होऊन राहिला."

शुगर नोकरीतच लागली. तेव्हा काही वाटलं नाही. आमच्याकडे शुगर कोणाला नाही? धास्ती बसली ती भासऱ्यांचं झालं तेव्हा. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, सावनेरला राहायचे. अंगठ्याला साधी ठेच लागल्याचं निमित्त झालं आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मग ते ओसरीत खाटेवर बसून राहिले, कोणाशी बोलेनात, आणि वर्ष पुरतं न पुरतं तोच गेले. त्यांचं दिवसपाणी आटोपून परत येताना हे बसच्या खिडकीशी बसले होते. नागपूर जवळ आल्यावर म्हणाले, "मले काहीही होऊ दे वं, पण माझा पाय नको जाऊ देऊ."

"ते माझ्या हातात आहे का?" मी म्हटलं.

"नसन. पण मी तुले सांगून ठेवतो."

असं यांनी मला आयुष्यात दुसरं काही सांगून ठेवलं नाही. ना घराचं, ना पोराच्या लग्नाचं. हे एवढंच.

पुढे यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांत, मग तळव्यात, आणि मग त्या मुंग्यांची आग झाली. चादर पायाला लागली तरी दचकायचे. उन्हाळ्यात कूलर खोलीकडे तोंड करून असतो, आमचा यांच्या तळपायांकडे तोंड करून असायचा. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. आमच्याकडे तळपाय यांचा आणि मस्तक माझं, कारण इतकं होऊनही जेवणानंतरचा गुळाचा खडा यांच्याने सुटत नव्हता.

डॉक्टरबाईंकडे मीच ओढून नेलं. बाई तरुण, पण बोलायला स्वच्छ. त्यांनी रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं की साखरेनं पायाच्या नसा खराब केल्या आहेत. त्यात बी-बारा जीवनसत्त्वही कमी निघालं. शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या काही लोकांचं ते कमी होतं म्हणाल्या. त्याची एक गोळी लिहून दिली. वर म्हणाल्या, "काका, ही गोळी कमी पडलेलं भरून काढेल. खराब झालेली नस ती परत आणेल असं मी म्हणणार नाही. नस वाचवायची तर शुगर आवरा. शुगरची गोळी एक दिवस चुकवू नका."

मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकलं. हेही त्याच खोलीत होते, कान दोन्ही शाबूत. बाहेर येऊन मेडिकलच्या पायरीवर यांनी सावनेरला बहिणीला फोन लावला. "नसेच्या ताकदीची गोळी देल्ली डॉक्टरनं," हे म्हणाले. "आता फिकीर नाही." मी कपाळावर हात मारला, पण फोनवर हात मारता येत नव्हता.

त्या फोननंतर चारी दिशांनी ताकद यायला लागली. नणदबाई स्वतः कॅप्सूलची बाटली घेऊन आल्या. "वैनी, याच्यानं आमच्या गल्लीतली म्हातारी चालाले लागली, विचारा पाहिजे तर." कोणाला विचारू, त्या म्हातारीला? पोरानं पुण्याहून ऑनलाइन मोठ्या मोठ्या पिवळ्या गोळ्या पाठवल्या. मेडिकलवाल्यानं बाईंनी लिहिलेल्या गोळीच्या जोडीला दहा गोळ्यांचा आणखी एक पत्ता दिला, याच्यात जास्त पॉवर आहे म्हणून. आणि आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या बाई, ज्या हल्ली घरोघरी मीटिंगा घेतात, त्या पावडरचा डबा टेबलावर ठेवून गेल्या. पैसे कधीही द्या म्हणाल्या, आपल्याच घरचं आहे.

यांनी माझा मसाल्याचा जुना डबा मागून घेतला. ज्या वाट्यांमध्ये हळद, तिखट, जिरं, मोहरी असायची त्यांत गोळ्या भरल्या. नाश्ता झाला की डबा उघडून बसायचे आणि फोडणी टाकावी तशी एकेक वाटीतली एकेक गोळी हातावर घ्यायचे. मी एकदा चष्मा लावून सगळ्या बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली. बी-सहा ह्यातही, त्यातही, पावडरीतही.

"अहो, हे एकच आहे सगळ्यांत," मी म्हटलं. "नावं वेगळी, आत तेच. एवढं कशाला घेता?"

"मग चांगलंच नं. चारी बाजूनं ताकद."

"जास्त होईल ना ते."

"ताकद कोणाले जास्त होते का वं? जास्त झाली तर लघवीतून जाते."

लघवी खरंच पिवळीजर्द होत होती आणि ते पाहून यांना समाधान वाटत होतं. गोळी कशी भिनली म्हणून मला सांगायला यायचे. पहाटे पहाटे नवऱ्याच्या लघवीचा रंग ऐकायचा, हे भोगही माझ्याच वाट्याला होते.

एवढंच असतं तर चाललं असतं. म्हातारपणी माणूस कशात तरी मन गुंतवतो. पण ताकदीची गोळी वाढत गेली तशी रोगाची गोळी मागं पडत गेली. एवढी ताकद अंगात जाऊन राहिली, मग ती गरम गोळी रोज कायले, असा यांचा हिशेब. मी ताटाशी शुगरची गोळी ठेवायची, समोर उभी राहायची. हे तोंडात टाकल्यासारखं करायचे. मग धुण्यात शर्टाच्या खिशातून पांढरा चिकट लगदा निघायचा. मी भांडले. अबोला धरला. पोराला फोनवर रडून सांगितलं. पोरगा बोलला यांच्याशी, हे हो हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खिशात पुन्हा लगदा. शाळेतली पोरं परवडली, त्यांना निदान उभं तरी करता यायचं.

आणि मग एके सकाळी हे अंगणात आले. मी तुळशीला पाणी घालत होते. "मुंग्या गेल्या वं," हे म्हणाले.

मी लोटा खाली ठेवला. "गेल्या म्हणजे?"

"म्हणजे गेल्या. आगही नाही. काही नाही. पाय कसे एकदम शांत."

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. इतके महिने माणूस माझ्यासमोर तळमळत होता. घरात कोणी सुखानं झोपलं नव्हतं. मला वाटलं, आपणच चुकलो, ताकदीच्या गोळ्यांना आपण उगाच नावं ठेवली, गुण तर आला ना. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. साखरेनं जाळलेल्या पायासाठी देवाला साखर. त्यातलं काही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. देवाच्याही आलं नसावं.

त्या दिवसापासून हे वैद्य झाले. सकाळी तलावाकडे फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींमध्ये यांचा भाव वाढला. कोणाच्या पायांची आग होते, कोणाच्या टाचेत सुया टोचतात, सगळे यांना विचारायचे. हे मोबाईलवर पत्त्यांचे फोटो पाठवायचे, कोणती गोळी उपाशीपोटी, कोणती जेवून, ते सांगायचे. शेजारच्या घरातल्या भाभी, ज्यांना आमच्याआधीपासून शुगर आहे, त्यांनाही यांनी सगळ्या बाटल्यांची नावं लिहून दिली. ज्याला गुण आला त्यानं चार जणांना सांगावं, अशी आपल्याकडची रीतच आहे. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो.

मे महिन्यात असेच एका मित्राला रिकामा पत्ता दाखवायला गेले. मित्राला नाव वाचून कळत नव्हतं, तसाच पत्ता दुकानात दाखवायचा होता. जाताना ऊन कोवळं होतं, गप्पांत अकरा वाजले. परत आले तेव्हा मी फाटकाशी भाजी घेत होते. भाजीवाली यांच्या पायाकडे पाहून हसायला लागली. मी पाहिलं तर डाव्या पायात चप्पल, उजवा उघडा.

"काहो, एक चप्पल कुठं ठेवून आले?" मी म्हटलं.

यांनी खाली पाहिलं. क्षणभर यांनाही समजेना. मग हसले. "पाह्य, पाय इतका हलका झाला का चप्पल गेली थे समजलंच नाही." भाजीवाली हसली, मीही हसले. चप्पल कुठं सुटली होती कोणास ठाऊक. डांबर पाघळत होतं इतकं ऊन, आणि हा माणूस त्या रस्त्यानं उघड्या पायानं चालत आला होता, तोंडावर एक सुरकुती नाही.

आत आल्यावर मी पाय वर घ्यायला लावला. तळव्याची कातडी उचलली गेली होती, अंगठ्याखाली मोठा फोड, आणि त्यात काचेचा तुकडा. मी तो काढला. हे पेपर वाचत होते.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"नाही नं. दुखत नाही म्हणजे काही नाही. हळद लाव."

हळद लावली. दुखत नाही म्हणून डॉक्टरबाईंकडे जायला हे तयार नव्हते. अंगठा काळा पडला आणि खोलीत वास यायला लागला, तेव्हा मी रिक्षा दारात आणून उभी केली.

बाईंनी जखम पाहिली. मग यांना डोळे मिटायला सांगितलं. हातात एक बारीक, नायलॉनच्या दोऱ्यासारखी तार घेतली. "मी तळव्याला स्पर्श केला की हो म्हणा." बाईंनी तार टेकवली. हे गप्प. दुसरीकडे टेकवली. गप्प. तिसरीकडे. मग बाईंनी हात मागं घेतला आणि नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा हे म्हणाले, "हो." थोड्या वेळानं पुन्हा, "हो. हो, लागून राहिलं." बाईंचा हात मांडीवर होता. पाठ न करता परीक्षेला बसलेलं पोरगं कसं अंदाजानं उत्तर देतं ते मी नोकरीभर पाहिलं आहे. एवढा मोठा माणूस, डोळे घट्ट मिटून, पास व्हायला धडपडत होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"काका, डोळे उघडा," बाई म्हणाल्या. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. मुंग्या गेल्या म्हणजे नस बरी झाली असं नव्हतं. नस जिवंत असेपर्यंत ओरडत होती, आता ओरडायलाच काही उरलं नाही. शुगरचा आकडा त्यांनी यांना न सांगता मला सांगितला. मी पिशवीतून मसाल्याचा डबा आणि बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी एकेक फिरवून वाचली. "यातली एक तुमच्या कामाची होती," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांत बी-सहा पुन्हा पुन्हा आलंय. ते फार दिवस फार घेतलं तर त्यानंही नसा बधिर होतात. कशानं किती झालं हे आता मला सांगता येणार नाही. मुख्य शुगरच."

हे डब्याकडे पाहत होते. "म्हणजे ताकद जास्त झाली म्हणता?" यांनी विचारलं.

आधी अंगठा गेला, त्याच्या शेजारचं बोट गेलं. घरी आलो, रोज पट्टी, रोज इंजेक्शन. आता हे शुगरची गोळी स्वतः मागून घ्यायचे, मी द्यायच्या आधी हात पुढे करायचे. ते पाहून माझा जीव तुटायचा. जखम भरायचं नाव घेईना. पुन्हा दवाखाना. पाऊल सुजलं, लाली घोट्याच्या वर चढली, आणि सर्जननी मला आणि पोराला बाजूला घेऊन सांगितलं की आता पाय ठेवला तर माणूस जाईल. गुडघ्याखाली. भासऱ्यांचा जिथून गेला तिथूनच.

यांना मी सांगितलं. पोराला जमलं नाही. ऐकून यांनी मान दुसरीकडे केली. मला वाटलं होतं भांडतील, मला दोष देतील, तुला सांगून ठेवलं होतं म्हणतील. तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दवाखान्यात भेटायला येणारे अजून ताकद आणत होते. नणदबाई नवी बाटली घेऊन आल्या, ही जखमेवर चालते म्हणे. मी ती त्यांच्याच पिशवीत परत टाकली, त्या रुसल्या, रुसू द्या. शेजारच्या भाभीही आल्या होत्या. जाताना जिन्याशी थांबून मला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या घरचं पाहून लय वाईट वाटते. पण भाईसाहेबांनी सांगतलेल्या गोळ्यांनी मले खरंच गुण आला बरं. माझ्याही मुंग्या गेल्या." मी त्यांचा हात धरून म्हटलं, उद्याच्या उद्या पाय दाखवा, शुगर तपासा, मी सोबत येते. जे जे बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. भाभींनी सगळं ऐकून घेतलं. "हो, दाखवीन नं," त्या म्हणाल्या. "पण मले काही दुखत नाही जी आता." आणि चपला सरकवून जिना उतरल्या.

ऑपरेशनच्या सकाळी पोरगा खाली सह्या करायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. हे उताणे पडले होते, उशी काढून घेतलेली, नजर पंख्याकडे. मी पायथ्याशी स्टुलावर बसले होते. चादर वर सरकवून मी तो पाय दोन्ही हातांत घेतला, घोट्यापाशी, जिथं पट्टी नव्हती. तापानं कढत झाला होता. हाच तो ब्रेकवाला पाय. संसारात मी तो कधी असा हातात धरून पाहिला नव्हता. नमस्काराला वाकायचं तेवढंच. नखांजवळ हळदीचा पिवळा डाग अजून होता.

"तिकडे काय करून राहिली?" यांनी विचारलं.

"काही नाही. बसले."

"एक ऐकशील माझं?" आवाज बसला होता. "न्यायच्या आधी एकदा जरा पाय धर माझा."

"धरते," मी म्हटलं. मघापासून तो माझ्या हातांतच होता. मी होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला.

हे वाट पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "धर नं वं."